आण्णांच्या मेडलांची फ्रेम : पुण्यात कॅम्पातल्या मेडल माउंटिंगच्या दुकानाचा अनुभव

ज्यांच्या घरात फौजी माणूस होता आणि ज्यांच्या कपाटात कुठेतरी मेडलं पडून आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. आधीच सांगते, काम एक नंबर झालंय, पैसे वसूल, वेळ मात्र लागतो आणि फोन उचलत नाहीत. दुकानाचं नाव टाकलं नाहीये कारण मालकांनीच नको म्हटलं, एकटे माणूस आहेत, हाताखाली एकच मुलगा, ऑर्डरी वाढल्या तर काम खराब होईल म्हणाले. पण कॅम्पात युनिफॉर्मच्या कुठल्याही जुन्या दुकानात "मेडल माउंटिंग कोण करतं" एवढं विचारलं तरी लोक बरोबर तिकडे पाठवतात.

आमचे आजोबा म्हणजे आण्णा २०२४ मध्ये गेले, ८६ वर्षांचे होते. मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १९५७ ला बेळगावला भरती झाले आणि १९८१ ला नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आले, त्यानंतरची त्रेचाळीस वर्षं फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात शेती, घर आणि वारी. गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं, नाव घेऊन हाक मारणारी माणसं शेवटी फक्त दोन-तीनच उरली होती. वर्षश्राद्धाच्या आधी सगळ्यांचं ठरलं की मेडलांची नीट फ्रेम करून माजघरात लावायची आणि शेजारी त्यांचा वर्दीतला फोटो. हे काम पुण्यात राहते म्हणून माझ्याकडे आलं.

आधी मी एका मोठ्या चकाचक फ्रेमिंगवाल्याकडे गेले होते, नाव घेत नाही. तिथल्या मुलाने मेडलं हातात पण न घेता सांगितलं की मागून ग्लू गनने चिकटवून देतो, आणि चकाकी येण्यासाठी आधी पॉलिश करून घेऊ. मी तशीच परत आले. कृपया हे कुणी करू नका!! मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात त्या जवानाचा नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं, पॉलिश करून करून ते घासलं जातं आणि गेलं की गेलं. आमच्या आण्णांची दोन मेडलं तर नुसती जुन्या नाण्यांसारखी काळी पडली होती तरी कडेवरचा नंबर अंगठ्याला लागत होता.

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी (ते पण फौजेतलेच) कॅम्पातल्या ह्या दुकानाचं सांगितलं. दुकान म्हणजे दहा बाय बारा असेल नसेल, भिंतीवर फितींची रिळं, काउंटरखाली बिल्ले, बटणं, शिट्टीच्या दोऱ्या, आणि मधे भिंगाचा दिवा लावलेलं एक टेबल. मालकांना सगळे मास्टरजी म्हणतात, वडिलांपासून चालत आलेलं काम आहे. मी प्लॅस्टिकच्या डब्यातून मेडलं काढून ठेवली तर त्यांनी आधी टेबलावर एक सुती कापड अंथरलं आणि मग एकेक मेडल उचलून कड वाचली. सगळ्यांवर एकच नंबर आहे ना हे बघितलं. म्हणाले, घरात दोन भाऊ फौजेत असले की मेडलांची अदलाबदल झालेली असते, लोक फ्रेम करून मोकळे होतात आणि मग कळतं.

आता खरी गंमत इथे आहे. आम्ही घरी मेडलं आकाराप्रमाणे लावली होती, चांदणी मधे आणि गोल गोल बाजूला, छान दिसत होतं. मास्टरजींनी सगळी उचलून पुन्हा मांडली आणि मांडता मांडता सांगत गेले. पहिला पूर्वी स्टार, हा १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर प्रत्यक्ष असणाऱ्यांना. मग रक्षा मेडल, हे १९६५ चं. त्यानंतर संग्राम मेडल, परत १९७१ चं. मग सैन्य सेवा मेडल, त्याच्या फितीवर छोटी पट्टी आहे हिमालयाची. मग स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, आणि शेवटी वीस वर्षं आणि नऊ वर्षं नोकरीची. हा क्रम सरकारी असतो, मनाने लावायचा नसतो आणि सालाप्रमाणे पण नसतो. आम्हाला एवढी वर्षं ही नुसती "आण्णांची मेडलं" होती, तिथे उभं राहून पाच-सात मिनिटांत त्यांची चोवीस वर्षांची नोकरी डोळ्यासमोर आली. ती हिमालयाची पट्टी बघून मी लगेच बाबांना फोन लावला की आण्णा हिमालयात कधी होते, तर बाबांना पण नीट माहीत नाही, आजीला विचारलं तर ती म्हणाली, "व्हय की, तुझ्या आत्याच्या बारशाला आलं न्हाईत ते तवाच तर."

आण्णा लढाईचं फारसं बोलायचेच नाहीत. जमालपूरला होते एवढं सगळ्यांना माहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून तिकडच्या जमालपूरच्या मागे जाऊन बसली आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला. समोर पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती. आपल्या बाजूने शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर तिकडच्या कर्नल सुलतान अहमदने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला आणि मराठ्यांनी त्यांना अडवलं, पहाटेपर्यंत चाललं. पलटणीचे सीओ (म्हणजे कमांडिंग ऑफिसर) तेव्हा लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार होते. ११ तारखेला टांगाइलला आपली २ पॅरा ही छत्रीधारी पलटण विमानातून उतरली, आणि ती पण मूळची मराठ्यांचीच तिसरी बटालियन, १२ तारखेला पुंगलीच्या पुलापाशी दोघे भेटले. हे सगळं मी मोठी झाल्यावर वाचलं. आण्णा सांगायचे ते एवढंच की नदी लई रुंद होती, होड्या गावातल्या लोकांनी दिल्या, सामान बैलगाडीतनं नेलं, आणि तिकडचे बैल आपल्या खिलारापेक्षा बारके. गोळीच्या चिठ्ठीचं विचारलं की म्हणायचे ते साहेब लोकांचं, आणि मग हात जोडून "पांडुरंगानं आणलं" म्हणून विषय बंद. रात्रीचं काही विचारलं की उठून गोठ्याकडे जायचे. आम्हीही मग विचारणं सोडलं.

तर फ्रेमकडे येते. मास्टरजींनी दोन पर्याय दिले, एक म्हणजे खरी मेडलं तशीच बँकेच्या लॉकरला ठेवा आणि फ्रेममध्ये डुप्लिकेट लावा, ती त्यांच्याकडे मिळतात आणि बरेच लोक हेच करतात. दुसरं खरीच लावायची पण गोंद अजिबात नाही, सगळी मेडलं फितींसकट एका पट्टीवर ओळीने बसवायची आणि ती पट्टी आतून बारीक स्क्रूने अडकवायची, उद्या काढायची म्हटली तरी एक ओरखडा येणार नाही. आम्ही खरी लावली. आजी म्हणाली डुप्लिकेट बघून मी काय करू. पाठीमागे गडद हिरवं बनातीचं कापड, सागवानी चौकट, आणि खोली जवळजवळ अडीच इंच म्हणजे मेडलं काचेला टेकत नाहीत. काचेऐवजी अॅक्रिलिक पण घेता येतं, हलकं पडतं, पण ओरखडे उठतात म्हणून मी काच घेतली. काचेत दुपारचं दारातलं ऊन चमकतं ही एक तक्रार आहे, चकाकी न येणारी काच मिळते ती घ्यायला हवी असं आता वाटतं, महाग आहे पण घ्या.

फितींचं काम मला सगळ्यात आवडलं. जुन्या फिती उन्हाने आणि घामाने विटल्या होत्या, नऊ वर्षाच्या मेडलची तर फीत कधीच कुजून गेली होती आणि आजीने तिथे स्वतःच्या लुगड्याच्या काठाची पट्टी शिवून दिली होती, हिरवट-जांभळी, हाताची शिलाई, एक टाका लांब एक आखूड. आण्णा २६ जानेवारीला शाळेत झेंड्याला जायचे तेव्हा तीच लावून जायचे. मास्टरजींनी ती पट्टी भिंगाखाली बघितली आणि विचारलं ही कुणी शिवली. मी सांगितलं तर म्हणाले नवीन फीत लावतो कारण तसा नियमच आहे, पण ही फेकायची नाही. नवीन फीत बसवून त्याच्या पाठीमागे ती काठाची पट्टी घडी करून त्यांनी शिवून टाकली. समोरून काही दिसत नाही. आम्हाला माहीत आहे ती तिथे आहे.

आता माळेचं. आण्णा पेन्शनवर आल्यावर त्याच वर्षी माळकरी झाले. त्याआधी पण देवाचं होतंच, पलटणीत असताना पाठ असलेला हरिपाठ रोज म्हणायचे, पण फौजेत खाण्यापिण्याचे नियम जमणार नाहीत म्हणून माळ घातली नव्हती, पाळता आली नाही तर घालायची नाही असं त्यांचं मत. १९८१ नंतर एकादशी कधी मोडली नाही आणि आषाढी वारी तब्येतीने साथ दिली तोवर चुकली नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव करत फलटणला येते म्हणजे आमच्या दारावरूनच म्हणा ना, पण ते आळंदीपासून चालायचे. दिंडीत तंबूचं काम त्यांच्याकडे. पहाटे तंबू काढल्यावर माणसं मोजायचे, अगदी फौजेतल्या फॉलिनसारखी (रांगेत उभं करून हजेरी), एक म्हातारी कमी पडली तर दिंडी हलू द्यायचे नाहीत. खुंट्या एका रेषेत पाहिजेत, पाण्याचा टँकर कुठे लागणार हे आदल्या रात्री ठरलेलं पाहिजे. दिंडीतल्या बायका म्हणायच्या सुभेदार आहेत तोवर कुणी हरवत नाही. पुढे गुडघे गेले तेव्हा चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणाच्या दिवशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा तांब्या. २०२० ला वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा ८२ वर्षांच्या ह्या माणसाने अंगणात सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारल्या, पालखीचा त्या दिवशी जिथे मुक्काम असता त्या गावाचं नाव घेऊन फेऱ्या सुरू करायच्या आणि दमले की ओट्यावर बसून पुढे. आजी काठी घेऊन मागे मागे. बाबा ओरडायचे, ते ऐकायचे नाहीत.

गळ्यातली माळ त्यांच्यासोबतच गेली. पण त्याआधीची एक जुनी माळ होती, दोरा तुटला म्हणून बदललेली, मणी झिजून गुळगुळीत झालेले, ती आजीने डबीत ठेवली होती. मला वाटत होतं ती पण फ्रेममध्ये असावी कारण नुसती मेडलं लावली तर ते अर्धेच आण्णा. थोरल्या काकांना पटेना. ते स्वतः माळकरी आहेत, म्हणाले माळ ही काय शोकेसमध्ये ठेवायची वस्तू आहे का, ती देवापाशी पाहिजे. त्यांचं पण बरोबरच होतं. आत्या म्हणाली मेडलं वेगळी लावा, माळ देवघरात. घरात दोन दिवस हाच विषय.

मी मास्टरजींना सहज बोलून दाखवलं. ते वारकरी वगैरे नाहीत, नमाजी मुसलमान आहेत, शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. त्यांनी विचारलं आजी रोज ती माळ हातात घेतात का. मी म्हटलं एकादशीला घेते. तर म्हणाले मग ती कोंडायची नाही, दार ठेवू. आणि त्यांनी फ्रेमच्या उजव्या अंगाला वीतभर उंचीचं वेगळं खण केलं, त्याला बाजूने बिजागरीचं छोटं दार, आत पितळेचा आकडा, त्यावर माळ नुसती टांगलेली. फ्रेम भिंतीवरून न काढता दार उघडून माळ घेता येते. मेडलांच्या बाजूला हात लागत नाही कारण मधे लाकडी पट्टी आहे. काकांना मी व्हिडिओ कॉलवर दाखवलं, त्यांनी दार दोनदा उघडायला-मिटायला लावलं आणि म्हणाले, "उंचीला बघ, आईचा हात पोचला पाहिजे." एवढ्यावर तो विषय मिटला. ह्या कामाचे जास्तीचे पैसे विचारले तर बिजागरी आणि आकड्याचेच लावले.

फोटोचं काम तेवढं सरळ झालं नाही, ते पण सांगते. फोटो १९६० च्या आसपासचा, बेळगावच्या कुठल्या तरी स्टुडिओतला, वर्दी आणि टोपी, कडा बुरशीने खाल्लेल्या आणि गालावर पाण्याचा डाग. मास्टरजी फोटो बाहेर देतात, त्यांचं स्वतःचं काम नाही. पहिल्यांदा आलेला फोटो बघून मला वाटलं वा काय स्वच्छ केलाय, रंगीत पण करून दिला होता. गावी आजीला मोबाईलवर पाठवला. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ह्यो कोण?" मग मला कळेना. ती म्हणाली, "मिशी ह्यांची न्हाई. आन् डोळं बी हासत्यात, फोटो काढताना ह्ये कवा हासलं?" मी मूळ फोटो शेजारी ठेवून झूम करून बघितलं तर खरंच, मोबाईलवर आजकाल जे आपोआप चेहरे दुरुस्त करतात तसलंच काहीतरी करून दिलं होतं, कातडी गुळगुळीत, डाव्या भुवईवरचा व्रण गायब, आणि टोपीवरच्या बिल्ल्याचं भलतंच काहीतरी झालेलं. तो व्रण लहानपणी बैलाच्या शिंगाने झालेला, आम्ही नातवंडं त्यावरूनच त्यांना चिडवायचो.

मास्टरजींना दाखवलं तर त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही, फोटो परत पाठवला आणि सांगितलं फक्त डाग आणि बुरशी काढायची, चेहऱ्याला हात लावायचा नाही, रंग नको, काळा-पांढराच ठेवा. बिल्ला मूळ फोटोत पुसट असेल तर पुसटच राहू दे, नवीन काढायचा नाही. दुसऱ्यांदा आला तो बरोबर होता. गालावर डागाची अगदी हलकी छाया राहिलीये, जवळून दिसते, पण माणूस आमचा आहे. तर जुने फोटो कुणालाही दुरुस्तीला द्याल तेव्हा हे आधी स्पष्ट बोला आणि ज्याने त्या माणसाला तरुणपणी बघितलंय त्याला दाखवल्याशिवाय प्रिंट काढू नका. आमच्याकडे आजी होती म्हणून.

पैसे म्हणाल तर फ्रेम साडेसात हजार, नवीन फितींचे आणि पट्टीवर बसवायचे वेगळे बाराशे, फोटो मोठ्या प्रिंटसकट अठराशे. स्वस्त नाही. पण लाकूड खरं सागवान आहे, मागची बाजू पण रंधा मारून गुळगुळीत केलेली, आणि आत मागच्या फळीवर त्यांनी कागद चिकटवलाय त्यावर कुठलं मेडल कुठल्या क्रमाने ते हाताने लिहून दिलंय, उद्या नातवंडांच्या नातवंडांनी उघडलं तरी कळेल. वेळ साधारण महिना सांगितला होता, त्याहून बराच जास्त लागला, फोटोमुळे पण आणि एकटे आहेत म्हणून पण. वर्षश्राद्ध गाठायचंय हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि ते त्यांनी गाठलं पण आदल्या संध्याकाळी, माझा जीव वर-खाली. फोन चार-चारदा करून उचलत नाहीत, त्यापेक्षा जाऊन या. पार्किंग शोधण्यात वेळ जातो, रिक्षाने जा. यूपीआय चालतं.

वर्षश्राद्धाला फ्रेम लावली तेव्हा दिंडीतले लोक आले होते, आणि पंचक्रोशीतले तीन-चार माजी सैनिक पण. फौजी मंडळी आली की आधी मेडलांचा क्रम बघत होती आणि मान डोलवत होती, आणि दिंडीतल्या बायका सरळ माळेच्या दारापाशी जाऊन हात जोडत होत्या. एक जुने हवालदार काका खूप वेळ पूर्वी स्टारपाशी उभे होते. ते १९७१ ला वेगळ्या पलटणीत होते म्हणे. त्यांनी स्वतःची मेडलं कुठे आहेत ते सांगितलं, पेटीत, कापडात गुंडाळून, फिती उंदराने खाल्ल्या, मुलं मुंबईला. मी त्यांना पत्ता लिहून दिलाय, आणि पुढच्या वेळी येताना मीच त्यांची पेटी पुण्याला घेऊन जाणार आहे.

तुम्ही जाणार असाल तर डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचे कागद असतील ते सोबत न्या, त्यावरून मास्टरजी सांगतात की अजून कुठलं मेडल मिळायला हवं होतं आणि ते आहे का नाही. मेडल हरवलं असेल तर डुप्लिकेट लावून देतात पण कडेवर नाव कोरून देत नाहीत, त्यांचा तो नियम आहे, आणि मला तो पटला. आत्याने आता स्वतःच्या घरासाठी छोटी फ्रेम सांगितलीये, डुप्लिकेट मेडलांची, त्यात माळ नाही पण फोटो तोच.